बस सुटताना घातलेलं कोडं

आप्पा मला कोडं घालायचे ते बस सुटतानाच. मी दोन दिवस माहेरी समोर असायचे, तेव्हा कधी नाही. रविवारी दुपारी पुण्याच्या गाडीत बसवायला ते कोल्हापूरच्या स्टँडवर यायचे, खिडकीखाली उभे राहायचे आणि ड्रायव्हरनं गाडी चालू केली की तोंड उघडायचे.

"बोल्टाचे आठ नट हाईत. दिसायला सारखे, पण एक हलका हाय. तराजू दोनदाच वापरायचा. हलका कुठला?"

"आप्पा, हे घरी नाही का विचारायचं!"

"घाई न्हाय. सापडलं की फोन कर."

जन्मभर उद्यमनगरातल्या कारखान्यात लेथवर उभा राहिलेला माणूस. त्यांच्या कोड्यात राजा-राणी कुठून यायची? मी साताऱ्यापर्यंत मनात चार-चार नट तोलत बसले आणि तराजू तिसऱ्यांदा लागतच राहिला. मंगळवारी फोन करून चुकीचं उत्तर ठोकून दिलं. त्यांनी माझा एकेक मुद्दा चवीनं मोडून काढला. बुधवारी पुन्हा फोन. गुरुवारी एकदाचं डोक्यात शिरलं, की सगळे नट पारड्यात घालायलाच हवेत असं थोडंच आहे? तीन-तीन तोलायचे, दोन बाजूला ठेवायचे. "आत्ता कसं!" आप्पा एवढ्या मोठ्यानं ओरडले की मी फोन कानापासून लांब धरला.

आई गेल्यावर ते घरात एकटेच होते. त्यांना उत्तराची नव्हे, या फोनांची गरज होती. एवढं साधं मला सुचू नये? आणि म्हणे माझं डोकं तल्लख!

एका रविवारी त्यांनी पाण्याचं कोडं घातलं. डबे दोनच, एक तीन लिटरचा, एक पाचचा. बरोबर चार लिटर मोजायचं. मी थकले होते. मोबाईलवर शोधलं आणि गाडी पंचगंगेच्या पुलावर यायच्या आत त्यांना फोन लावून सगळं घडाघडा म्हणून दाखवलं. आप्पा अजून स्टँडवरच होते.

"व्हय?" ते म्हणाले. "शाबास. हुशार हाईस."

त्या आठवड्यात मी फोन केला नाही. बोलायला विषयच नव्हता.

पुढच्या खेपेला गाडी हलली तरी ते गप्प. मीच खिडकीतून ओरडले, "आप्पा, कोडं?"

"आता तुला लगीच सापडतंय की. जपून जा."

मोबाईलमधून चोरलं होतं, हे सांगायला कितीसा वेळ लागला असता? पण शाबासकी सोडवेना. नंतर त्यांनी कोडं घातलंच नाही, आणि दीड वर्षानं ते गेले.

आता मी रविवारच्या पुरवणीतली कोडी सोडवते, पण खाली छापलेलं उत्तर बघत नाही. एखादं चार-चार दिवस सुटत नाही, तेव्हा फार बरं वाटतं. पाचव्या दिवशी ते सुटतं, आणि कुणाला सांगावं ते कळत नाही.