अर्धी कमान

डाग्नीने दार उघडलं तेव्हा अख्खं बेट अंगणात उभं होतं आणि दारात ती एकटीच.

अख्खं बेट म्हणजे काही फार नव्हे. ग्रोहोल्मवरची सगळी माणसं एका बुरुजाच्या पायथ्याशी मावतात, वर एखादी ढकलगाडी ठेवायला जागा उरते. पण रात्रीच्या झग्यात, गार दगडावर अनवाणी उभं राहिलं की तेवढीही पुष्कळ वाटतात. सगळ्यात पुढे ऐंशी ओलांडलेली आस्टा, हातात गाण्याचा कागद. तिच्या शेजारी बंदरावर बोटींचे दोर धरणारा एगिल.

"गाढ झोपेत होतीस ना गं?" आस्टाने विचारलं. रिवाजच तसा. तांब्याच्या लग्नाच्या, म्हणजे लग्नाला साडेबारा वर्षं पुरी होतात त्या सकाळी शेजाऱ्यांनी गाणं म्हणून जोडप्याला झोपेतून उठवायचं आणि जोडप्याने त्यांना न्याहारी द्यायची.

"अगदी गाढ," डाग्नी म्हणाली. तिने पहाटेपासून भाजलेल्या पावांचा वास अंगणभर दरवळत होता.

दाराला कमान चढवली होती. पिंपात रोवलेल्या वल्ह्याला हिरव्या फांद्या बांधलेल्या. त्या डाव्या बाजूने वर चढत होत्या, चौकटीच्या मध्यापर्यंत येत होत्या आणि तिथेच तुटत होत्या. तुटल्या टोकाला आस्टाची तांब्याची किटली लोंबत होती. लग्नाला साडेबारा वर्षं झाली की अर्धी कमान, पंचवीस झाली की अख्खी. खिळा मारायची मुभा नाही. घर किल्ल्याच्या तटातच, आणि तटाला बोट लावलं तरी सरकारी पत्र येतं. म्हणून सगळा कारभार सुतळीवर.

गाणं झालं. शब्द आस्टाचे, चाल सगळ्यांच्या तोंडातली. प्रत्येक कडव्याआधी आस्टा त्याचा आकडा सांगत होती.

"दुसऱ्यानंतर एकदम चौथं कडवं कसं आलं?" डाग्नीने विचारलं.

"तिसऱ्यात पाहुणे होते," आस्टा म्हणाली. "म्हटलं, नको."

मग तीन छोटे हुर्रे झाले. त्यानंतर नेहमी एक लांबलचक हुर्रे येतो, छाती रिकामी होईपर्यंतचा. लोकांनी श्वास भरून घेतलासुद्धा. पण आस्टाने हात वर केला.

"थांबा. लांब हुर्रे राखून ठेवते. तो दोघांचा असतो."

"मग रद्द कर," डाग्नी म्हणाली.

"रद्द कसला? साठवलाय. पाले कुठंय?"

"तुला माहीत नाही?"

माहीत सगळ्यांनाच होतं. पंधरवडा झाला, पाले बंदरावरच्या बोटींच्या खोपटात राहत होता आणि ते खोपट बेटावरच्या प्रत्येक खिडकीतून दिसत होतं.

"त्याला गाणं ऐकू गेलंय," एगिल म्हणाला. "मी आत्ता तिथूनच आलो. बूट घालून बसलाय."

"मग आला का नाही?"

"म्हणाला, मला कुणी बोलावलं नाही. आणि तीनच्या बोटीने निघालाय, रोन्नेला. भावाकडे."

"किती दिवसांसाठी?" डाग्नीच्या तोंडून निसटलंच.

एगिलने टोपी काढून पुन्हा घातली. "लोकरीचा कोट घेतलाय."

जुलै महिना चालू होता. डाग्नीने पावांचं ताट आस्टाच्या हातात कोंबलं आणि ती कपडे बदलायला आत गेली.

डाग्नी कोफोड या बेटावर आली ती एका उन्हाळ्यापुरती, बुरुजावर तिकिटं फाडायला. तिकिटं संपली, उन्हाळा संपला, बाई राहिली. मग ती लोकांना किल्ला दाखवू लागली, कारण आधीचा दाखवणारा पिऊन तारखा चुकायचा. चाळिशी उलटून बरीच वर्षं झाली होती तेव्हा किल्ल्याचे दरवाजे दुरुस्त करायला सुतार म्हणून पाले आला. कुठलीशी दीपगृहं सांभाळत निम्मं आयुष्य एकट्याने काढलेला माणूस. पहिल्या दिवशी तो तिच्या मागोमाग पर्यटकांच्या घोळक्यात चालला. दुसऱ्या दिवशीही चालला. तिसऱ्या दिवशी तिने विचारलं, "इतिहासाची आवड आहे का?" तो म्हणाला, "नाही. माणसांची."

गोम तिथेच होती. डाग्नी दिवसभर बोलून घरी यायची. तिला भिंतीकडे बघत बसायचं असायचं. पाले दिवसभर लाकडाशी बोलून घरी यायचा. त्याला घर भरलेलं हवं असायचं. तिच्या स्वयंपाकघराच्या भिंतीत तोफेसाठीचा जुना झरोका होता, थेट बंदरावर रोखलेला. एवढं निमित्त पुरे. "या ना, आत या, झरोका बघा, हेरिंग मासा खाऊन बघा, आमच्या डाग्नीने मुरवलाय." ती थकून दार उघडायची आणि तिच्याच खुर्चीत स्टुटगार्टचं कुटुंब बसलेलं असायचं.

पंधरवड्यापूर्वी एक गृहस्थ तिच्या न्हाणीघरातून टॉवेल गुंडाळून बाहेर आले आणि अत्यंत अदबीने म्हणाले, "गरम पाणी संपलंय."

"पाले!" ती ओरडली होती. "या घरात एकतर ते राहतील, नाहीतर मी!"

आणि पालेने विचार केला. विचार केला, हेच तिला लागलं. मग तो म्हणाला, "घर तुझ्या नावावर आहे," आणि बाहेर पडला. जाताना चीज कापायची तार घेऊन गेला. तिच्या आईची तार. तेव्हापासून डाग्नी सुरीने चीजचे ओबडधोबड ठोकळे कापून खात होती आणि प्रत्येक ठोकळ्यागणिक तिचा राग ताजा होत होता.

दुपारी बोट आली. घोळका तटावर चढला. प्रश्न सुरू झाले.

"इथे हिवाळ्यात कुणी राहतं का हो?"

"नाही. सप्टेंबरात आम्हाला मीठ लावून पिंपात भरतात."

एका बाईंनी ते लिहून घेतलं.

"किल्ल्यावर लढाई कधी झाली?"

"एकदा शत्रूची जहाजं आली होती. नेमका वारा पडला. दोन्हीकडच्यांनी दिवसभर एकमेकांकडे पाहिलं, मग ती निघून गेली."

"आणि या तोफा?"

"उडाल्या नाहीत. एकीच्या झरोक्यात मी शेपू लावते."

ठण्ण!

डाग्नी बोलता बोलता थांबली. खालून, तटाच्या आतल्या अंगाने आवाज आला होता. तांब्याचा. मागोमाग कुणीतरी "आई गं" म्हणालं.

"ही घंटा कशाची?" घोळक्यातल्या एकाने विचारलं.

ठण्ण! ठण्ण!

तिने तटावरून वाकून पाहिलं. घोळक्याचं शेपूट कधीच तिला सोडून खाली उतरलं होतं. बंदरापासून इथवर दगडच दगड, आणि मधेच हिरव्या फांद्यांनी सजवलेलं एक दार, वर चकचकीत किटली. पर्यटकांनी ओळखलं की किल्ल्याचं संग्रहालय हेच. ते शिस्तीत रांग लावून आत चालले होते. उंच माणसांची डोकी किटलीवर आपटत होती. बुटकी माणसं हात वर करून ती मुद्दाम वाजवत होती. डॅनिश माणूस कुठेही रांग दिसली की उभा राहतो. जर्मनांना त्यांनी लगेच सामील करून घेतलं होतं.

"अहो!" डाग्नी ओरडली. "ते घर आहे! माझं घर आहे ते!"

खालच्या एका आजोबांनी कौतुकाने हात हलवला.

पायऱ्या उतरून ती रांगेच्या टोकाशी आली.

"रांगेत या, बाई," कुणीतरी म्हणालं.

"मी इथे राहते!"

"हो का? वेशभूषा नाही तुमची?"

कोपरं मारत, "बाजूला व्हा, अहो सरका" म्हणत ती दारात पोचली, किटलीवर आपटली आणि आत ढकलली गेली. मागून लोंढा येतच होता. स्वयंपाकघरात मुंगीला पाऊल ठेवायला जागा नव्हती. कुणी तिच्या मसाल्यांचे डबे उघडून हुंगत होतं. दोघी जणी पलंगाची लांबी मोजत होत्या, जुन्या काळी माणसं बुटकी असत म्हणून. पालेच्या खुर्चीत एक थकलेल्या आजीबाई चपला काढून बसल्या होत्या.

"मागच्या वर्षी एक गृहस्थ होते इथे," आजीबाई म्हणाल्या. "फार गोड माणूस. हेरिंग देतात. बायकोबद्दल बोलायला लागले की थांबतच नाहीत. आज सुट्टीवर आहेत का?"

"काय बोलतात?" डाग्नीने विचारलं.

"की ती सगळ्या जगाशी बोलते, पण गप्प बसते ती फक्त माझ्यापाशी. यालाच ते प्रेम म्हणाले. मला आधी तक्रार वाटली होती."

डाग्नीने झरोक्याकडे पाहिलं. शेपूच्या पलीकडे बंदर दिसत होतं. धक्क्याला बोट लागलेली. आणि खोपटातून पाले निघाला होता, एका हातात बॅग, खांद्यावर लोकरीचा कोट, भर उन्हात. तो बोटीकडे चालला होता, आणि त्याच्या वरच्या खिशातून तारेची मूठ डोकावत होती.

ती दाराकडे वळली. दारात माणसांची भिंत. "जाऊ द्या मला! अहो, जाऊ द्या!"

"बाहेर जायचा रस्ता दुसरा असेल," भिंत म्हणाली.

तेव्हा डाग्नीने शेपूची कुंडी उचलून आजीबाईंच्या मांडीवर ठेवली, झरोक्यात अर्धी शिरली आणि फुप्फुसं फाटेस्तोवर ओरडली:

"पाले! तार!"

या झरोक्यातून बाहेर पडलेला हा पहिलाच गोळा. तो नेमका लागला. पाले थांबला. धक्क्यावरचं अख्खं बेट थांबलं, कारण बोट सुटताना सगळे तिथेच असतात.

"काय?" तो ओरडला.

"तार माझ्या आईची आहे!"

"मग ये आणि घेऊन जा!"

"येता येत नाही! घर भरलंय! पाय ठेवायला जागा नाही!"

"कुणी भरलं?"

"तुझ्या पाहुण्यांनी!" तिचा आवाज चिरकला. "हे सगळे तुझेच पाहुणे आहेत, पाले! एक बाई तुझ्या खुर्चीत बसलीय आणि हेरिंग मागतेय! मला यांच्याशी काय बोलायचं कळत नाही! तूच ये आणि निस्तर!"

"म्हणजे तू मला बोलावतेस?"

डाग्नीने डोळे मिटले. मागे स्वयंपाकघरात टाचणी पडली तरी ऐकू आली असती, पण तीही पडायला जागा नव्हती.

"बोलावते!" ती ओरडली. "आणि बूट पुसून ये!"

पालेने बॅग खाली ठेवली. मग बहुतेक कुणीतरी ती बोटीवर चढवेल या धास्तीने पुन्हा उचलली. बोटीवरून शिट्टी झाली.

"दोर अडकलाय," एगिल सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, आणि मोकळा दोर दोन्ही हातांनी घट्ट धरून उभा राहिला.

पाले आला तेव्हा रांगेने आपोआप वाट दिली; सुतार असला तरी खांद्यावर कोट असल्यामुळे तो कुणीतरी अधिकारी वाटत होता. दारात आतून डाग्नी आली. ठण्ण! पालेचं डोकं किटलीवर आपटलं. त्याने खिशातून तार काढून पुढे केली. तिने घेतली.

"रविवारी कुणीही नाही," ती हळू आवाजात म्हणाली.

"बरं."

"न्हाणीघरात कधीच कुणी नाही."

"बरं. पाऊस असला तर?"

"न्हाणीघरात?"

"घरात."

"पाऊस असला तर दोन माणसं."

"तीन. आणि म्हातारं असलं तर मोजायचं नाही."

"पाले..."

"भिजतात गं ती."

तिच्या मागे आजीबाई मांडीवर शेपू घेऊन उभ्या होत्या. "हेच ते गृहस्थ!" त्या आनंदाने सगळ्यांना सांगत होत्या.

"मोजायचं नाही," डाग्नी म्हणाली. "पण माझी खुर्ची सोडून."

"दोघं नीट कमानीखाली या!" धापा टाकत पोचलेली आस्टा ओरडली. मागोमाग बेट पोचलं, दोर धरायला ठेवलेला एगिल सोडून. पण कमान अर्धी. फांद्यांखाली जागा एकाचीच. "तू ये इकडे." "तू उभी राहा, मी उन्हात बरा." "लोकरीचा कोट घालून उन्हात बरा म्हणे!" शेवटी दोघं एकमेकांना चिकटून, तिरकी, किटली मधे धरून उभी राहिली.

आस्टाने कागद उघडला. तिसरं कडवं म्हटलं, त्यात पाहुणे होतेच, न्हाणीघरही होतं. मग तिने हात वर केला आणि साठवून ठेवलेला लांबलचक हुर्रे एकदम सुटला. पर्यटकही सामील झाले. बंदरावरून एगिलने एकट्याने ओढून धरलेला त्याचा हुर्रे सगळ्यांच्या नंतर संपला.

मघाशी पिंपाचं लिहून घेणाऱ्या बाई पुढे आल्या, वही उघडी, डोळे पाणावलेले.

"फारच सुंदर. हा कार्यक्रम रोज असतो का?"

"नाही," डाग्नी म्हणाली. "पुढचा खेळ साडेबारा वर्षांनी. तेव्हा कमान अख्खी असेल." तिने हातातल्या तारेने बंदराकडे खूण केली. "आता निघा सगळे. बोट सुटतेय."