चुन्याची रेघ

भट्टीत जाणारं भंगार निवडायचं काम मी तीन वर्षं केलं. जालन्याच्या एमआयडीसीत, सळया बनवणाऱ्या एका कारखान्यात. परतूरला आयटीआय केलं, दोन वर्षं आष्टीला घरच्या शेतात काढली, आणि लग्न झाल्यावर जालन्यात खोली घेऊन राहिलो. नोकरी लागली तेव्हा मला वाटलं होतं, भंगारात निवडायचं काय असतं? लोखंड ते लोखंड, वितळणारच.

पहिल्या दिवशी मला शिकवायला दिलं मामांच्या हाताखाली. ते माझे नात्याचे मामा नव्हते, सगळा कारखानाच त्यांना मामा म्हणायचा. अंकुशनगरच्या बाजूचे, पन्नाशीला टेकलेले, अंगानं वाळके. त्यांनी मला ढिगाशेजारी उकिडवं बसवलं आणि हातात एक गंजका नग दिला.

"भाचे, हे काय हाये?"

"मोटरसायकलचा शॉकअप."

"न्हाई. बाँब हाये हा. ह्याच्यात तेल अन् हवा कोंडलेली. भट्टीत पडला की फुटतो. अन् एकटा न्हाई फुटत, वरचं पाणी घेऊन फुटतो."

भट्टीवर वितळलेल्या लोखंडाला पाणी म्हणतात. ते मला त्या दिवशी कळलं.

मग त्यांनी सगळं दाखवलं. फ्रिजचा कॉम्प्रेसर, गॅसची टाकी, दोन्ही तोंडं ठोकून बंद झालेला पाइप, झाकण घट्ट बसलेला रंगाचा डबा. आत हवा कोंडलेली असो की पावसाचं घोटभर पाणी, दोन्ही सारखंच. हातोडीनं टकटक करायचं, आवाज बंद लागला की नग बाजूला. मग कटरनं त्याला भोक पाडायचं. ढीग पूर्ण पाहून झाला की त्याच्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत पांढऱ्या चुन्याची रेघ ओढायची. क्रेनवाला चुना पडलेलाच ढीग उचलायचा. वर भट्टीच्या काठावर उभी असलेली माणसं तो माल आत ढकलायची. त्यांना एकेक नग पाहायला सवड नसते. खाली चुना पडला, एवढ्या भरवशावर ती ढकलतात.

तिसऱ्या वर्षी भट्टीवरची दोन माणसं काम सोडून गेली आणि मामांना वर घेतलं. वर सहा माणसं आणि आगीपासून वाचवणारे कोट चार. तोंडापुढं धरायच्या काचा होत्या, पण उडालेल्या ठिणग्यांनी त्या इतक्या काळवंडल्या होत्या की लावल्या तर समोरचं दिसायचं नाही. मामांनी सुपरवायझरला दोनदा सांगितलं, माझ्या समोर.

सुरक्षा सप्ताहात सगळ्यांना शेडमध्ये उभं करून शपथ दिली. मालकानं साधनं द्यायची, कामगारानं ती वापरायची, आपल्या कामानं दुसऱ्याच्या जिवाला धोका होऊ द्यायचा नाही, असं सगळं त्यात होतं. आम्ही हात पुढं करून म्हणालो. शपथ संपल्यावर मामा सुपरवायझरला म्हणाले, "शपथ घेतली बराबर. कोट कव्हा येऊन राह्यले, सायेब?"

"ऑर्डर टाकली मामा, येतील," तो हसून म्हणाला. तो वाईट माणूस होता असं मला अजूनही म्हणता येत नाही. त्याच्या मागंही कोणीतरी फोन घेऊन बसलेलं असायचंच.

त्या वर्षीच्या मे महिन्यातली गोष्ट. निवडायला आम्ही दोघं असायचो, पण आठवडाभर माझ्या जोडीदाराला ट्रक खाली करायला लावलं होतं. त्या दिवशी भंगाराच्या एकाच यार्डातून दोन गाड्या आल्या होत्या आणि मी एकटा. पहिला ढीग अर्धा पाहून झाला होता, तेवढ्यात सुपरवायझर आला.

"भट्टी रिकामी बसून राह्यली. चुना मार."

"सर, अर्धा ढीग राह्यलाय."

"अर्ध्यात काही निघालं का?"

"न्हाई."

"मंग? एकाच यार्डाचा माल हाये. मार, जल्दी."

मी नाही म्हणू शकलो असतो. हे मी नंतर किती वेळा घोळवलं असेल त्याला गणती नाही. नाही म्हणालो असतो तर तो ओरडला असता, फार तर मलाही ट्रकवर पाठवलं असतं. त्याहून जास्त काही झालं नसतं. पण ऊन होतं, तो डोक्यावर उभा होता, आणि अर्ध्या ढिगात खरंच काही निघालं नव्हतं. मी डबा उचलला आणि रेघ ओढली. पूर्ण ओढली, न पाहिलेल्या मालावरूनही. आणि दुसऱ्या ढिगाकडं वळलो.

अर्ध्या-पाऊण तासानं आवाज झाला. मोठं लोखंडी झाकण उंचावरून पडावं तसा. मग वरचे पत्रे खडखडले आणि शेडमध्ये लाल शिंतोडे पडायला लागले. मी हातोडी टाकून पळालो. दोघंजण जिन्यावरून उतरत होते, त्यांचे कोट जागोजाग जळाले होते, पण ते चालत होते. मामा वरच, कठड्याला टेकून बसले होते. त्यांच्या अंगात कोट नव्हता. दोन्ही हात तोंडावर.

"मामा!"

"भाचे, पाणी गेलं डोळ्यात," ते म्हणाले. अगदी हळू, कोणाला त्रास नको अशा आवाजात.

आम्ही त्यांना चादरीत धरून खाली आणलं. रुग्णवाहिकेची वाट न पाहता सळयांच्या टेम्पोत टाकलं. मी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं होतं. कापड जळल्याचा आणि दुसरा एक वास होता, त्याबद्दल मला लिहवत नाही. रस्त्यात त्यांनी विचारलं, "चुना होता ना रे?"

"होता, मामा."

चुना होताच. मी खोटं बोललो नाही, आणि त्याच्याइतकं खोटं मी आजवर बोललेलो नाही.

जालन्यातून त्यांना संभाजीनगरला हलवलं. जीव वाचला. दोन्ही डोळे गेले. उजव्या हाताची तीन बोटं एकमेकांना चिकटली ती तशीच राहिली.

चौथ्या दिवशी मला ऑफिसात बोलावलं. मॅनेजरनं टाइप केलेला कागद पुढं सरकवला. भंगार नियमाप्रमाणे निवडलं होतं. कारखान्यानं दिलेला कोट आणि काच जखमी कामगारानं वापरली नव्हती. खाली साक्षीदार म्हणून माझ्या सहीची जागा.

"वाचून घे," तो म्हणाला. "तुझी चूक ह्याच्यात कुठंच नाही."

ते बरोबर होतं. कागदात माझी चूक कुठंच नव्हती. मी सही केली.

घरी आल्यावर बायकोला सांगितलं. ती भाकरी थापत होती. तिनं विचारलं, "मामांचं काय लिहिलंय?"

"त्यांनी कोट घातला नव्हता म्हणून."

"कोट होता का?"

"नव्हता."

तिनं थापलेली भाकरी तव्यावर टाकली. ताट वाढलं, समोर ठेवलं आणि आत गेली.

दोन दिवसांनी कारखान्यांची तपासणी करणारे सरकारी अधिकारी आले. त्यांनी मला एकट्याला शेडमागं नेलं आणि तो कागद वाचून दाखवला.

"हे तुमचंच म्हणणं?"

"न्हाई साहेब."

मग मी सांगितलं. अर्धा ढीग, चुना, जोडीदाराला ट्रकवर पाठवलेलं, सहा माणसांत चार कोट. ते लिहीत राहिले. मध्येच थांबून म्हणाले, "अर्धा ढीग राहिलाय, हे तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"साधनं देणं आणि देखरेख ठेवणं मालकावर आहे. दुसऱ्याच्या जिवाशी खेळ होणार नाही असं वागणं तुमच्यावर. मी दोन्ही लिहितोय. तुमचं नाव येईल."

"येऊ द्या," मी म्हणालो.

आठवडाभरात नवे कोट आले, सहाच्या सहा. सुपरवायझरला दुसऱ्या युनिटला पाठवलं. कोर्टात खटला दाखल झाला, तो अजून चालू आहे. मला पुढच्या महिन्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं. आता मी एका फॅब्रिकेशनच्या दुकानात गेट आणि ग्रिल बनवतो. भट्टीत फुटलेला तो नग मी पाहिलेल्या अर्ध्यातला होता की न पाहिलेल्या, हे कोणालाच सांगता आलं नाही. पाहिलेल्या ढिगातूनही माझ्याकडून पूर्वी एक-दोनदा नग सुटले होते, क्रेनवाल्यानं ते वरून ओरडून दाखवले होते. त्यामुळं मनाला टेकायला दोन्हीकडं जागा नाही.

मामा घरी आल्यावर मी त्यांच्या गावी गेलो. ते ओसरीत बाजेवर बसले होते, मामी शेंगा फोडत होत्या. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. मामांनी एवढंच विचारलं,

"किती राह्यला होता?"

"अर्धा."

"अर्धा," ते म्हणाले. मग तोंड माझ्याकडं वळवलं, पण मी उभा होतो त्याच्या जरा बाजूला. "मला वर येऊन सांगायचं होतं की रे. मामा, अर्धाच पाह्यला म्हणून. मी दुरून ढकललं असतं. हात राखून केलं असतं."

हे मला सुचलंच नव्हतं. नाही म्हणायचं किंवा हो म्हणायचं, एवढंच मी धरून बसलो होतो. जिन्याच्या बारा पायऱ्या होत्या.

मामींनी चहा दिला. कप परत घेताना म्हणाल्या, "आता पुन्हा येऊ नका."

मी गेलो नाही. सातआठ महिन्यांनी मामींचाच फोन आला. मामांचं अपंगाचं प्रमाणपत्र काढायचं होतं, दवाखान्यातली कागदं त्यांना उमजत नव्हती, आणि दुसरं कोणी मोकळं नव्हतं. "तुम्हीच या," एवढंच म्हणाल्या.

मी मामांना एसटीनं जालन्याला घेऊन आलो. दवाखान्यात मोठी रांग होती. आमचा नंबर आल्यावर डॉक्टरांनी फॉर्म पुढं ओढला आणि विचारलं, "डोळे कशानं गेले?"

मामा म्हणाले, "ह्याला इचारा. ह्याला ठावं हाये सगळं."

मी सांगायला लागलो. डॉक्टरांनी पेन उचललं. "कारखान्यातला अपघात, एवढंच लिहायचं ना?"

"न्हाई," मामा म्हणाले. "सांगू द्या त्याला."

मागं रांग उभी होती. मी ढिगापासून सांगितलं, सुपरवायझर काय म्हणाला, मी काय केलं, तेही. डॉक्टरांनी ऐकून घेतलं आणि चौकटीत दोन शब्द लिहिले. चौकटीत तेवढीच जागा होती.

गावच्या फाट्यावर मामी उभ्या होत्या. त्यांनी मामांचा हात माझ्या हातातून काढून घेतला, कागद मागितला.

"सगळ्या सह्या झाल्या?"

"झाल्या."

दोघं रस्त्याच्या कडेकडेनं गावाकडं चालायला लागले. मी परतीच्या गाडीची वाट पाहत तिथंच उभा राहिलो.