बोरमाळ हिसकायचा शॉट

“आज्जी, ही बाई तुमची बोरमाळ हिसकावणार. तुम्ही फक्त बोंब मारायची,” असिस्टंट डायरेक्टर म्हनला.

मुळशी धरणाकडच्या एका रिसॉर्टात सिरियलीचं शूटिंग हुतं. मी ज्युनियर आर्टिस्ट हाय. म्हंजे हिरोच्या मागं जी गर्दी चालती, मयताला जी रडती, त्यातली एक. भातलावनीत वाकून कंबर गेली, मग मालक गेलं, तवा गावातल्या एकीनं ह्या कामाला लावलं. बसून रडायचं. मला ते जड न्हाई. पर रडकी न्हाईतर चेटकीन, ह्याबिगर तिसरं काम मला कदी दिलं न्हाई.

माळ हिसकनारी रेणुका. उंच, काळीभोर, केस कुरळं. लवळ्याला पोरींच्या हॉस्टेलवर सिक्युरिटी गार्ड हाय. तिच्यासंगं हॉस्टेलातल्या दोन पोरी, ग्रेस अन् डायाना, परदेशातनं शिकाय आल्याल्या, तिच्यावानीच काळ्या. तिघींना सांगितल्यालं, रिसॉर्टात आल्याल्या पाहुन्या व्हायचं. सकाळी तसा शॉट झाला बी. गाडीतनं उतरल्या, हसल्या, आत गेल्या. जेवनानंतर असिस्टंटनं हाडकांच्या माळा आनल्या, अन् तोंडाला फासायला पांढरा रंग.

“आता तुम्ही आफ्रिकन गँग. डोळे वटारायचे, उगाबुगा ओरडत यायचं.”

“उगाबुगा म्हंजे काय?” रेणुकानं इचारलं.

“तुमची भाषा.”

“दादा, मी यल्लापूरकडची सिद्दी. घरात कोकनी, बाजारात कानडी, ड्युटीवर मराठी. ह्यातली कुटली पायजे?”

माजा च्या नाकात गेला. असिस्टंट म्हनला, “ते कॅमेऱ्यात दिसत नाही, ताई.”

रेणुका हसली न्हाई. मला म्हनली, “आज्जी, माजी पोरगी चौथीत हाय. साळंतली पोरं तिला टीव्हीतली चेटकीन म्हनत्यात. मी सांगून आले, आई टीव्हीवर पाहुनी दिसनार म्हनून. हे बगितल्यावर ती साळंत कशी जाईल?”

ग्रेस केनियाची. तिला थोडं हिंदी येतं. ती इचाराय लागली, काय झालं? मी माज्या हिंदीत सांगितलं, “गले में हड्डी डालके चोरी करनेका.” पोरगी भडकलीच. लवळ्यात एक बाई तिला खोली देईना. का, तर पिच्चरमधी तुमच्यावानी मानसं ड्रग विकत्यात म्हनं. डायाना लंडनची. तिचं ग्रेसनं मला सांगितलं. तिकडं बी टीव्हीत काळ्या बाईला दोनच कामं, भांडायचं न्हाईतर दुसऱ्याचं घर झाडायचं.

“म्हंजे माज्यावानीच की!” मी म्हनले.

रेणुका म्हनली, आमच्या सिद्दी पूर्वजांना आफ्रिकेतनं जहाजात कोंबून हिकडं आनलं. डायाना म्हनली, आमच्यांना जहाजातनंच जमैकाला नेलं, तितनं आमी लंडनला. ग्रेसनं दोघींचं हात धरलं अन् जोरात म्हनली, “तो मैं घरवाली बहन!”

“अगं येडे, घरवाली म्हंजे बायकू! घरी ऱ्हायल्याली बहीन म्हन!” रेणुका हसत सुटली. मग तिगींनी माळा टेबलावर ठिवल्या अन् खाली बसल्या. मी बी बसले.

“आज्जी, तुम्ही तरी उठा!” असिस्टंट वरडला.

“हिसकनारी बसलीया. मी उटून कुनाच्या नावानं बोंब मारू?”

डायरेक्टर आला. दुसऱ्या बाया आनता येईनात, कारन कंटिन्युटी. सकाळच्या शॉटात जी मानसं दिसली, तीच दुपारी दिसाय लागत्यात, न्हाईतर सकाळचं समदं वाया. ऊन उतरत हुतं.

“काय पाहिजे तुम्हाला?”

“आमी पाहुन्याच ऱ्हातो,” रेणुका म्हनली. “अन् चोर मी पकडते. मला सवय हाय.”

“मग चोर कोण?”

समद्यांनी असिस्टंटकडं बगितलं.

काय सांगू तुमाला! त्यानं माज्या गळ्यातली माळ वडली, मी बोंब ठोकली. ग्रेस अन् डायाना वाटंत आडव्या. रेणुकानं कॉलर धरून त्याला हिरवळीवर आपटला अन् माळ माज्या हातात दिली. “घ्या आज्जी, नीट सांबाळा.” पयल्याच टेकला ओके. समदं युनिट टाळ्या वाजवतंय. इतक्या वरसांत पयल्यांदा मी न रडता घरी गेले.

सिरियल लागली तवा आमी समद्या रेणुकाच्या खोलीवर. चोर आपटला तशी तिची पोरगी खाटंवर नाचाय लागली. मग पडद्यावर रेणुकानं तोंड उघडलं, अन् आवाज भलत्याच बाईचा. “आज्जी, ये लो तुमारा माला, हम पकडा!” ह्याला डबिंग म्हनत्यात. शूटिंग झाल्यावर स्टुडिओत दुसऱ्याचा आवाज चिकटवायचा.

पोरगी नाचायची थांबली. “आई, तू अशी का बोलतीस?”

“ती मी न्हाई गं. मला कुनी बोलावलंच न्हाई.”

साळंत पोरीनं समद्यांना तेच सांगितलं, चोर आपटनारी माजी आई हाय, आवाज माज्या आईचा न्हाई. चेटकीन म्हनायचं बंद झालं. आता पोरं इचारत्यात, कॉलर कशी धरायची ते शिकीव.

आन् आमाला आता कुटल्या बी शूटिंगला बोलावलं की आमी चौघी पयलं इचारतो, आवाज कुनाचा लावनार? उत्तर मिळालं, मगच शूटिंगची कापडं चढवतो.