सोडलेलं खाचर

आई गेली आणि महिन्याभरात वडील माझ्याकडे पुण्यात वारज्याला राहायला आले. मी एका सॉफ्टवेअर कंपनीत काम करते, सातव्या मजल्यावर एकटी राहते. वडिलांची सगळी नोकरी विदर्भात, सरकारी जमीन मोजणीच्या खात्यात झाली. लोकांच्या शेतांच्या हद्दी ठरवत ते पस्तीस वर्षं उन्हातान्हात चालले. आता गॅलरीत खुर्ची टाकून बायपासवरच्या गाड्या बघत बसायचे.

आमच्यात भांडण नव्हतं. बोलणंही फारसं नव्हतं. आई तीन दिवस दवाखान्यात होती आणि त्यांनी मला फोन केला तो चौथ्या दिवशी. मी पोचले तेव्हा अंगणात माणसं जमली होती. आधी का कळवलं नाही, हे मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. मग ते विचारायची वेळ टळून गेली, असं मी धरून चालले.

शनिवारी मी ऑफिसातल्या चार-पाच जणांबरोबर डोंगरात जायची. एकदा बूट घालत होते तेव्हा त्यांनी विचारलं, "किती चालता तुम्ही लोक?"

"बारा-पंधरा किलोमीटर."

"आणि तिथं काय काम असते?"

"काही नाही. चालायचं आणि परत यायचं."

मग म्हणाले, "मी येतो."

ग्रुपबरोबर ते एकदाच आले. थकायचे नाहीत, पण मध्येच थांबून कुठली वाट कुठल्या ओढ्याला मिळते ते बघायचे. आमच्यातला सदाशिव पेठेतला एक मुलगा शेवटी म्हणाला, "काका, मोजणीचा अर्ज कुणी केलेला नाहीये." सगळे हसले. वडीलही हसले, पण पुढच्या शनिवारी त्यांनी बूट घातलेच नाहीत. मग मी ग्रुप सोडला आणि आम्ही दोघंच जायला लागलो.

पानशेतच्या पुढे, धरणाच्या पाण्याला धरून डोंगरात जाणाऱ्या पुष्कळ वाटा आहेत. कधी दाट झाडीतून, जांभूळ आणि हिरड्याच्या सावलीतून जायचं, कधी उघड्या कातळी सड्यावरून. खाली एका बाजूला सतत पाणी दिसत राहतं. वडिलांनी कुठूनसा त्या भागाचा जुना सरकारी नकाशा मिळवला होता. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तो ते छातीशी धरत. आम्ही तास तास एकमेकांशी बोलत नसू. चालताना ते खटकत नाही, हा चालण्याचा फायदा मला तेव्हा कळला.

ऑक्टोबरमध्ये एका शनिवारी आम्ही झाडीतून उतरून पाण्याकडे आलो. समोर दोन-तीन भाताची खाचरं होती. त्यांत भात नव्हतं, पोटरीएवढं गवत होतं. नकाशात वाट सरळ त्यांच्यामधून पलीकडच्या वस्तीला जात होती. पायाखालची वाट मात्र वरून वळसा घालत होती.

"वरून जाऊ या," मी म्हटलं.

"काहून? वाट इथून आहे."

"होती. आता कुणी जात नाही इथून."

"नकाशात आहे ना," ते म्हणाले आणि उतरले.

दहा-बारा पावलं नीट गेले. मग एक पाय गुडघ्यापर्यंत आत गेला. तो काढायला त्यांनी दुसऱ्यावर भार दिला, तर तो मांडीपर्यंत गेला. आवाज काहीच झाला नाही. ते कमरेशी जरा वाकून उभे होते, नकाशा हातात वर धरलेला.

मी धावले. माझाही पाय रुतला, पण मी काठाजवळ होते म्हणून मागे पडले आणि सुटले. पुन्हा पुढे निघाले, तेव्हा ते ओरडले. त्यांना ओरडताना मी लहानपणानंतर ऐकलं नव्हतं.

"मागे हो! मागे हो म्हणतो ना! तुला काही झालं तर तुझ्या आईला काय सांगू मी?"

मी थांबले. आपण काय बोललो ते त्यांच्या लक्षात आलं की नाही, मला माहीत नाही. त्यांनी मान वळवली आणि पाण्याकडे बघत राहिले. तोवर गाळ दुसऱ्याही मांडीला लागला होता.

वरच्या वाटेवरून एक बाई हाका मारत आली. साठीची असेल, हातात काठी, मागे दोन म्हशी. "आवं बाबा, हलू नगा! जेवढं हलाल तेवढं आत जाल." मग माझ्याकडे बघून, "ताई, चला माझ्यासंगट. शिडी आणू."

तिचं घर शंभर पावलांवर होतं. आम्ही दोघींनी भिंतीला लावलेली बांबूची शिडी उचलून आणली आणि गवतावरून वडिलांकडे सरकवली.

"आता आडवं व्हा तिच्यावर," ती म्हणाली. "पोटावर."

वडील कुणापुढे वाकणारे नव्हते. आजोबांनी धम्म स्वीकारला, तेव्हापासून आमच्या घरात मुलांना पहिली शिकवण तीच होती, आणि वडिलांनी ती कचेरीतही पाळली होती. ते तसेच उभे राहिले.

"बाबा, झोपा," मी म्हटलं.

त्यांनी नकाशा शिडीवर ठेवला आणि त्या घाण पाण्यात पालथे पडले. एकेक पाय सोडवायला बराच वेळ लागला. ती काठावरून सांगत होती, "दमानं, दमानं." ते कोपरांवर सरकत आले. एक बूट आतच राहिला.

तिच्या दारात त्यांनी हातपाय धुतले. तिने तिच्या मुलाचा पायजमा दिला, चहा टाकला. मुलगा पुण्याजवळ मांजरी गावात कामाला होता, महिन्यातून एकदा यायचा. खाचरं तिचीच होती. वरचा बांध फुटला, लावणीला माणूस मिळेना, वरच्या झऱ्याचं पाणी साचत गेलं. "चार वरसं झाली सोडून. आता म्हशीबी जात न्हाईत तितं," ती म्हणाली. मग चहा देताना सहज विचारलं, "आन मालकीण? घरी हायती का?"

"नाही," वडील म्हणाले. "जानेवारीत गेली."

"आजारी व्हत्या?"

"तीन दिवस दवाखान्यात होती."

"लेक पुण्याहून आली आसंल."

"लेकीला मी कळवलं नाही."

मी उंबऱ्यापाशी बुटांतला चिखल काडीने काढत होते. तो काढतच राहिले.

"का वो?" बाईने विचारलं. तिच्या आवाजात ठपका नव्हता. नवल होतं.

वडिलांनी कप खाली ठेवला. "ती म्हणाली, पोरीचं कामाचं टेन्शन आहे, तिला धावपळ करायला लावू नका. दोन दिवसांत घरी जाऊ. डॉक्टरही तसंच म्हणत होते. चाळीस वर्षांत मी तिचं कधी ऐकलं नाही, बाई. माझंच चालायचं घरात. तेवढं एकदा ऐकलं."

बाईने त्यांच्या कपात आणखी चहा ओतला.

परतीच्या रस्त्यावर गाडी मी चालवत होते. ते बाजूला, परक्याचा पायजमा आणि एका पायात बूट. खडकवासल्याला नेहमीची गर्दी होती, कणसांच्या गाड्यांपुढे आम्ही अडकून पडलो. तिथे मी म्हटलं, "तुम्ही मला सांगायला पाहिजे होतं."

"हो," ते म्हणाले. "पाहिजे होतं."

मला रडू आलं नाही. राग गेला असंही म्हणता येणार नाही. पण तो आता एकट्या त्यांच्यावर नव्हता. त्यातला थोडा आईवर गेला, आणि मेलेल्या माणसावर रागावणं मला नवीन होतं.

पायजमा धुऊन परत द्यायला आम्ही दिवाळीच्या सुट्टीत गेलो. वडिलांनी तिला खालचा बांध कुठे फोडला तर पाणी उतरेल ते काठीने दाखवलं. ती म्हणाली, "मुलाला इचारते."

मार्चमध्ये ते त्यांच्या गावी परत गेले. सातव्या मजल्यावर जीव रमत नाही म्हणाले, मीही आग्रह केला नाही. आता फोनवर ते सगळं सांगतात. सर्दी, दाढ, रक्तातली साखर, शेजाऱ्याशी झालेली कुरबूर. शेवटी म्हणतात, यायची काही गरज नाही. मीही म्हणते, नाही येत. तरी या वर्षात दोनदा जाऊन आले.