उरलेली भाकर आणि आठवड्याची सुई

आधीच सांगून टाकतो, वजन उतरवायच्या शर्यतीत माझ्या बायकोनं मला हरवलं. आणि असं हरवलं, की आजही कोणी ऐकणारा भेटला तर हातातलं काम टाकून मी सांगत बसतो!

शिरपूर जैनजवळ आमचा भाजीपाल्याचा मळा आहे. वांगी, पालक, टमाटे आणि सांबार, म्हणजे पुण्यामुंबईकडची कोथिंबीर. पालकाच्या वाफ्यात माझ्या बायकोसारखा भरभर हात आख्ख्या शिवारात कोणाचा चालत नसे. पण दोन वर्षांपासून तिचे गुडघे गेले. उजवा तर पार कामातून गेला. मळा घरापासून हाकेच्या अंतरावर, पण तिला तेवढंही चालवेना. ओट्यावर बसून ती लांबूनच ओरडायची, "अहो, त्या कोपऱ्यातल्या वाफ्याले पानी नाई गेलं!" जाऊन पाहावं तर खरंच गेलेलं नसायचं. तिथं जाता येत नाही म्हणून तिचा जीव कसा तुटायचा, ते मी रोज पाहत होतो.

अकोल्याच्या हाडांच्या डॉक्टरांनी फोटो काढून सांगितलं, गुडघा बदलावा लागेल. "पण आधी बारा किलो वजन उतरवून या. एवढं वजन, त्यात साखरेचा आजार. आत्ता मी हात लावणार नाही."

तिनं एकच विचारलं, "मंग मले वाफ्यात जाता येईन?"

"चालत जाल. उकिडवं बसायचं नाही."

"चालत गेली तरी लय झालं," ती म्हणाली.

बारा किलो! मला तर हसूच आलं. त्यात काय एवढं? तोंड बंद ठेवलं की झालं! माझंही पोट सुटलेलं होतंच. मी तिथल्या तिथं जाहीर केलं, "आपुन दोघंही करू. पाहू कोनाचं आधी उतरते ते." घरी टमाट्याचे कॅरेट तोलायचा इलेक्ट्रॉनिक काटा होता. दर सोमवारी सकाळी त्यावर उभं राहायचं ठरलं.

चहातली साखर बंद, भात बंद. दोन भाकरींच्या जागी मी एक खाऊ लागलो. दीड महिन्यात माझे पाच किलो गेले, बाप्पा! मी गावभर पँट वर ओढत हिंडायचो, लोकांनी विचारावं म्हणून. आणि तिचं? अर्धा किलो वाढलं.

माझं डोकंच फिरलं. "चोरून खाऊन राह्यली का तू?" मी काट्यासमोरच ओरडलो. "एवढा साधा ताबा नाई तोंडावर?" तेवढ्यावर थांबलो असतो तर बरं. पानठेल्यावर चार लोकांतही मी म्हणालो, की आमच्या घरी मन मारणारा माणूस मी एकटाच. ते तिच्या कानावर गेलं. ती भांडली नाही. उलट उत्तर देणारी बाई, पण त्या दिवशी नुसती आत निघून गेली. मला वाटलं, चोरी पकडली गेली म्हणून गप्प बसली.

पुढं वाशीमच्या साखरेच्या डॉक्टरांकडं गेलो, तर त्यांनी तिचे कागद पाहून आठवड्यातून एकदा घ्यायची सुई लिहून दिली. साखरेलाही चालते, वजनही उतरतं म्हणाले. मी उसळलोच. "डॉक्टरसाहेब, हे तर कॉपी करून पास होनं झालं! मी उपाशी राहून उतरवलं, अन् हिनं सुई टोचून उतरवायचं?"

ते हसले, पण समजावून सांगितलं. आपण जेवलो की आतड्यातून डोक्याला निरोप जातो, आता पुरे. या औषधात त्या निरोपाची नक्कल असते, फक्त ती लवकर विरत नाही. पोटातलं अन्नही हळू पुढं सरकतं, म्हणून थोडक्यात पोट भरतं. नुसतं खाणं कमी केलं, की शरीराला वाटतं दुष्काळ पडला, आणि ते भूक आणखी वाढवतं. "एखाद्याची भूक कुरकुरते, एखाद्याची बोंब मारते," ते म्हणाले. "सुई बोंब कमी करते. पण जेवण नीट करावंच लागेल. डाळ, अंडी, ताक पोटात गेलं पाहिजे, नाहीतर चरबीसोबत अंगातली ताकदही जाईल. आणि सुई सोडली की भूक परत येते, हेही ध्यानात ठेवा."

मी मान डोलावली. पटलं मात्र काडीचं नव्हतं.

पहिली सुई तिनं स्वतःच पोटाला टोचली. डोळे मी मिटले होते! पहिले दोन आठवडे फार वाईट गेले. आंबट ढेकर, मळमळ, फोडणीचा वास आला की पदर नाकाला लावून बाहेर. मी घाबरलो. बंद करू म्हणालो. ती म्हणाली, "राहू द्या. मले मळ्यात जायचं आहे."

आणि मग तिसऱ्या आठवड्यात आमच्या टोपल्यात भाकरी उरायला लागल्या.

रोज तीन, कधी चार. वर गंजात भाजी, वरण. घरात माणसं चारच, मी, ती, माझे वडील आणि आमचा मुलगा. उरलेलं पाहून मी पुन्हा भडकलो. "एवढा सयपाक कायले करून राह्यली? अन्न वाया चाल्लं!"

"तेवढाच करते. पहिल्यापासून तेवढाच."

"मंग आधी उरत नव्हतं, आताच काहून उरते?"

तिनं माझ्याकडं पाहिलं. "आधी मी होती न."

हातातला पाण्याचा गडू खाली ठेवून मी टोपल्यातल्या भाकरी मोजल्या. आमच्याकडं बाई शेवटी जेवायला बसते. तिघं पुरुष जेवून उठलो की ती टोपलं पुढं ओढायची. तिची एक भाकर असायचीच, वर आमची उरलेली. चांगली भाकर टाकायची नाही, शिळी दुसऱ्या दिवशी पुरुषांना वाढायची नाही, मग ती जाणार कुठं? मी एक भाकर कमी केली, तरी ती माझ्या वाट्याच्या दोन भाजतच होती. तिला वाटे, कामावरून आले, मागितली तर? मी मागत नव्हतो. रोज तीही भाकर तीच संपवत होती.

म्हणजे मी उतरवलेले पाच किलो रोज थोडे थोडे तिच्याच ताटात जात होते! आणि मी पानठेल्यावर छाती फुगवून बोलत होतो. मला इतकी लाज वाटली, की त्या दिवशी मी जेवलोच नाही. म्हणजे अजून एक भाकर उरली. ती वडील ओरडले म्हणून मी खाल्ली.

दुसऱ्या दिवसापासून मी कामाला लागलो. माझं असंच आहे, एकदा डोक्यात शिरलं की शिरलं. पीठ भिजवायच्या आधी मी चुलीपाशी उभा राहून एकेकाला विचारायचो, "भाकरी किती? आत्ता सांगा, मंग मिळनार नाई!" वडील म्हणाले, याला वेड लागलं. चौघंही एकदम बसू लागलो. तिला आधी वरण आणि उकडलेलं अंडं, मग अर्धी भाकर. ती लाजायची, पुरुषांसोबत घास उतरत नाही म्हणायची. महिनाभरात उतरू लागला.

आणि मग सोमवार काय रंगू लागले, काय सांगू! ती काट्यावर उभी राहायची, मी वाकून आकडा वाचायचो, वडील ओट्यावरून विचारायचे, "किती?" कधी पाऊण किलो, कधी अर्धा. एकदा तीन आठवडे आकडा हललाच नाही. मीच जास्त चिडलो, काटाच बदलायला निघालो होतो! मग परत उतरू लागलं. माझं मात्र हुरड्याच्या दिवसांत पाचातले तीन किलो परत आले. मळ्यात अकरा वाजले, की मला वांग्याच्या झाडांतसुद्धा तुपात बुडवलेले रोडगे दिसायचे. नुसत्या पथ्यावर राहणं काय असतं, ते तेव्हा कळलं. आणि माझी भूक तर नुसती कुरकुरणारी.

सात महिन्यांनी अकोल्याला गेलो. डॉक्टरांच्या काट्यावर बारा किलो उतरून वर दोनशे ग्रॅम! त्यांनी ऑपरेशनची तारीख दिली, आणि सुई त्याआधी कधी थांबवायची ते वाशीमच्या डॉक्टरांशी बोलून ठरवतो म्हणाले. मी तर त्यांच्या पायाच पडायला गेलो.

परतीच्या एसटीत माझं तोंड थांबेना. कंडक्टरला तिकीट मागता मागता सगळं सांगून झालं. ती खिडकीतून बाहेर पाहत होती. मालेगाव मागं पडल्यावर मी विचारलं, "काय झालं? खुशी नाई वाटत?"

"भूक परत येईन म्हनून भेव वाटते," ती म्हणाली. "मले वाटे साऱ्याइलेच तशी भूक लागते. तुमी सारे दाबून ठेवता, अन् मीच एक नालायक. जेवून उठल्यावर पोट भरलं असं वाटते, हे मले सुई घेतल्यावर समजलं. तुमाले रोज असंच वाटे?"

"हाव."

"लहानपनापासून?"

"हाव."

ती माझ्याकडं वळली. पंचवीस वर्षांत तिनं माझ्याकडं असं कधी पाहिलं नव्हतं.

"मंग तुमी मन मारलं कधी?"

शेजारच्या सीटवरची माणसं ऐकत होती, ऐकू देत. "माझं चुकलं," मी म्हणालो. एसटीच्या आवाजात गेलं की काय, म्हणून पुन्हा मोठ्यानं म्हणालो.