कासिल्दाने नापास केलेला चाकू

स्पेनमधल्या आमच्या अल्बासेते शहरात चाकू घ्यायला आलेला माणूस आधी धार बघत नाही, आधी कान देतो. पातं उघडताना त्याच्या मुळाशी कोरलेले दाते मुठीच्या पाठीवरच्या पोलादी कमानीवर एकामागून एक आपटतात आणि शेवटचा दाता कमानीच्या खाचेत जाऊन बसतो. कर्र, कर्र, टक! हा टक खणखणीत वाजला की गिऱ्हाइकाचा चेहरा खुलतो. मग तो बायकोला हाक मारून पुन्हा उघडून दाखवतो, बायको कंटाळली तर शेजारच्याला दाखवतो. सप्टेंबरच्या जत्रेत चाकूंच्या दुकानांवरून गेलं तर बेडकांच्या तळ्याकाठून गेल्यासारखं वाटतं.

कासिल्दा सेब्रियान मात्र या आवाजाला काडीची किंमत देत नसे. आमच्या कारखान्यात ती अगदी शेवटच्या टेबलावर बसायची. तिच्या हातून गेल्याशिवाय एकही चाकू खोक्यात जात नसे. मी तिच्या शेजारीच पॉलिशच्या चाकावर. त्यामुळे तिची बडबड, तिचं बेसूर गाणं आणि तिचं ‘नापास’ हे सगळं मी जन्मभर ऐकलं. माझ्याइतकी सहनशील बाई अख्ख्या ला मांचा प्रांतात सापडायची नाही.

तिची तपासणी बघण्यासारखी असायची. चाकू उघडायचा, पातं चिमटीत धरून डावी-उजवीकडे हलवायचं. मग पात्याच्या पाठीवर अंगठा टेकवून ते मिटतंय का बघायचं. शेवटी पातं उलटं करून ऑलिव्हच्या लाकडाच्या ठोकळ्यावर फाडकन आपटायचं. लॉक सुटून पातं मिटलं की चाकू डाव्या टोपलीत आणि कारागिराला चारचौघांत आहेर. “हा चाकू आहे का माझ्या नणंदेची कवळी?” असं ती विचारायची. पातं मिटल्यावर मुठीच्या एका बाजूला घासत असेल तर म्हणायची, “याला मध्ये झोपायला शिकव, भिंतीला काय चिकटतोय?”

असा स्वभाव कशामुळे झाला, यामागे काही करुण कहाणी असेल असं कुणाला वाटेल, पण तसं काही नाही. जन्मल्यापासून ती अशीच होती. बारशाला पाद्र्याने पाणी कमी शिंपडलं म्हणून ती रडली असणार, असं आम्ही म्हणायचो. स्वतःच्या हुशारीचा तिला भरपूर गर्व होता आणि तो लपवायचे कष्ट ती घेत नसे.

एकदा जत्रा तोंडावर आली होती आणि डावी टोपली भरून वाहत होती. मालक डॉन एवेलिओ हात जोडून तिच्यापुढे उभे राहिले.

“कासिल्दाबाई, जरासं डोळ्याआड करा हो. जरासंच हलतंय.”

“डॉन एवेलिओ, तुमची बोटं दाखवा बघू. सगळी आहेत ना जागेवर?”

“आहेत.”

“मग गिऱ्हाइकाचीही राहू द्या.”

मालक हात खिशात घालून परत गेले.

तर, डावी टोपली सगळ्यात जास्त भरायचा तो लिबोरिओ तेबार. आता लिबोरिओ म्हणजे काही कच्चा गडी नव्हे. त्याच्या हातचा चाकू अंगणापलीकडून ऐकूनही ओळखता यायचा, इतका तो खणखणीत वाजायचा. त्याच्या बापाचीही हीच ख्याती होती. लिबोरिओने पन्नाशी ओलांडली तरी लग्न केलेलं नव्हतं आणि आवाज हेच त्याचं मूलबाळ. कासिल्दाचा नवरा लिओन्सिओ वारला, त्यानंतर काही वर्षांनी या माणसाच्या मनात काय आलं कोण जाणे, तो रोज तिच्या टेबलाशी घुटमळायला लागला. ला रोदा गावाहून मिगेलितो, म्हणजे क्रीम भरलेल्या खुसखुशीत पेस्ट्र्या, आणून द्यायचा. कासिल्दा त्या चवीने खायची, बोटं चाटायची आणि त्याचे चाकू नापास करायची.

एक दिवस सकाळच्या खाण्याच्या सुट्टीत आम्ही सगळे खोक्यांवर बसून पाव आणि सॉसेज कापत होतो. लिबोरिओ उठून उभा राहिला. त्याचे कान लालबुंद झाले होते.

“कासिल्दा, सगळ्यांसमोर विचारतोय, म्हणजे मागाहून ऐकूच आलं नाही म्हणायला नको. माझ्याशी लग्न करशील?”

कासिल्दाच्या तोंडात घास होता. तो तिने सावकाश चावून गिळला. आम्ही ताटकळत बसलो.

“तुझ्या हातचा एक चाकू आण,” ती म्हणाली. “मला त्यात खोट सापडली नाही, तर करेन.”

सगळे खो-खो हसले, मीही हसले. तिने नाही म्हणायचं ते फक्त लांबणीवर टाकलं होतं, हे कुणालाही कळत होतं. एकट्या लिबोरिओला ते कळलं नाही. त्याने छाती फुगवून टोपी डोक्यावर ठेवली आणि कामाला लागला.

पहिला चाकू त्याने आणला तो बैलाच्या शिंगाच्या मुठीचा. उघडला तेव्हा कारखान्यातली सगळी चाकं थांबली, असा आवाज. म्हातारे कारागीर टोप्या काढतात की काय असं वाटलं. कासिल्दाने तो ठोकळ्यावर आपटला आणि पातं गपकन मिटलं.

“नापास.”

“अगं, पण आवाज ऐकलास का?”

“ऐकला. गाढवही मोठ्यानेच ओरडतं.”

“माझ्या बापाचा आवाज आहे तो!”

“तुझ्या बापाचेही चाकू मिटायचे रे. हे बघ, आवाजासाठी तू दाते उभे आणि बारीक घासतोस. मग शेवटचा दाता खाचेत गच्च बसतच नाही, नुसता टेकतो. दाता जाड ठेव.”

“मग आवाज मरेल!”

“मरू दे. बोट तरी जगेल.”

लिबोरिओ तणतणत निघून गेला आणि काही दिवस मिगेलितो बंद झाले. पण हिवाळाभर तो एकेक चाकू आणत राहिला. बर्फ पडलं, घरोघरी बटाटा आणि खारवलेल्या माशाचं अतास्काबुर्रास घोटलं गेलं, आणि प्रत्येक चाकू डाव्या टोपलीत गेला. एकाची कमान सैल, एकाचं पातं आडवं हलणारं. आडवं हलणं त्याने रिव्हेट घट्ट ठोकून सोडवलं. कमान बदलली. पण दाता काही केल्या जाड करायला तयार नाही. तेवढा आवाज त्याला सोडवत नव्हता. मला त्याची दया यायची आणि रागही यायचा. बाई समोर सांगतेय काय करायचं ते, तर कर ना बाबा!

बदामाला फुलं आली तेव्हा तो पुन्हा आला. या वेळी त्याने मान वर केली नाही. चाकू टेबलावर ठेवला आणि भिंतीकडे बघत उभा राहिला. कासिल्दाने पातं उघडलं. ठक, ठक, ठक. ओल्या बुटाने कुणी दार ठोठावतंय असा आवाज. कोपऱ्यातलं कुणीतरी फिसकन हसलं. मला मात्र हसू आलं नाही. त्या माणसाने आपल्या बापाचा आवाज स्वतःच्या हाताने मारून टाकला होता, या जाड्या बाईसाठी, आणि आता सगळे हसत असताना तो तिथे उभा होता. माझे डोळे भरून आले, ते मी पॉलिशची धूळ गेली म्हणून पुसले.

कासिल्दाने पातं चिमटीत धरून हलवलं. पाठीवर अंगठा दाबला. ठोकळ्यावर आपटलं. पुन्हा आपटलं, या खेपेला जोरात. पातं जागचं हललं नाही. तिने चाकू मिटला, उजेडाकडे धरून बघितला, पातं बरोबर मधोमध बसलं होतं. तिचा चेहरा पांढरा पडला.

“नापास,” ती म्हणाली. “हलतंय.”

एरवी पातं हलत असलं की ती सगळ्यांच्या नाकासमोर ते नाचवून दाखवायची. आज तिने मिटलेला चाकू तसाच घाईने टेबलावर ठेवला. लिबोरिओने हात पुढे केला, पण त्याआधी मी पटकन तो उचलला. “पॉलिश बघू दे,” म्हटलं. उघडला, हलवला, दाबला. चर्चचा खांब हलेल, पण ते पातं हलत नव्हतं. मी चाकू त्याच्या हातात दिला. तो खिशात घालून तो सरळ घरी निघून गेला.

मी कासिल्दाला हात धुवायच्या मोरीपाशी गाठलं.

“कुठे हलत होतं गं?”

“तू तुझं चाक बघ.”

“कासिल्दा, कुठे हलत होतं?”

ती तिथल्या पालथ्या बादलीवर बसली आणि चक्क रडायला लागली. लिओन्सिओच्या अंत्यविधीनंतर मी तिला रडताना बघितलं नव्हतं.

“मला वाटलं, तो आवाज कधीच सोडणार नाही. म्हणून तर ती अट घातली ना! एकटीचं घर मी कसंबसं लावून घेतलंय, ओब्दुलिया. आता पुन्हा कुणाच्या खोकल्याची सवय करायची, आणि तो खोकला एक दिवस बंद झाला की पुन्हा पहिल्यापासून सगळं? मला भीती वाटते गं.”

“भीती वाटते तर लग्नाला नाही म्हण. तो तुझा हक्क आहे. पण चांगल्या चाकूला नापास केलंस? तू?”

हे तिला बरोबर लागलं. तिने तोंडावर पाणी मारलं, कानातले सारखे केले आणि अॅप्रन न काढताच बाहेर पडली. मीही मागोमाग निघाले. असला प्रसंग कोण सोडेल? दुपारच्या झोपेची वेळ होती, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं, सगळ्यांच्या खिडक्या बंद. ती इतकी भरभर चालत होती की मला धाप लागली.

लिबोरिओ घराच्या अंगणात आपल्या बाकावर बसला होता. डाव्या हाताच्या बोटाला फडकं गुंडाळलेलं, त्यातून रक्त झिरपत होतं. चाकू पुढ्यात, शेजारी कानस.

“हे काय केलंस?” कासिल्दा ओरडली.

“तू म्हणालीस हलतंय. मला तर कुठेच हलताना दिसेना. पण तू म्हणतेस म्हणजे असणारच. म्हणून दाता जरासा घासला. मग आणखी जरासा. मग आपटून बघितलं, तर मिटलं बोटावर.”

कासिल्दाने कानस उचलून बाजूला ठेवली. स्वतःच्या हातांपेक्षा या माणसाने तिच्या ‘नापास’वर जास्त विश्वास ठेवला होता.

“लिबोरिओ, मी खोटं बोलले. चाकू चांगला होता.”

“म्हणजे हलत नव्हतं?”

“नव्हतं.”

“तरी म्हटलं!” तो बाकावरून उडालाच. “तरी म्हटलं! ओब्दुलिया, ऐकलंस ना? हलत नव्हतं! मला वाटलं माझे डोळे गेले!” आनंदाने तो अंगणात फेऱ्या मारायला लागला, लग्नाचं त्याच्या ध्यानातही नव्हतं. मग मध्येच थांबला. “पण मग तू…”

“घाबरले,” कासिल्दा म्हणाली. इतक्या हळू आवाजात बोलताना मी तिला पहिल्यांदाच ऐकलं.

मग तिने चाकू उचलला, उघडला आणि बाकाच्या कडेवर आपटला. पातं गपकन मिटलं.

“आता मात्र खरोखर नापास आहे हा.”

“हो,” लिबोरिओ मान खाली घालून म्हणाला. “आता आहे. मी दुसरा करतो. महिनाभर लागेल.”

“कर. पण लग्न त्याआधी करू.”

“पण चाकू…”

“चाकूचं मी चाकूला सांगितलं. तुला हो म्हणतेय. इकडे आण ते बोट.”

बाकावर बसून तिने त्याचा हात ओढून मांडीवर घेतला, फडकं सोडलं, “हे काय बांधणं झालं?” असं म्हणून त्याला झापलं आणि स्वतःच्या अॅप्रनची कड फाडून पुन्हा नीट बांधायला घेतलं.