थोड़ा ठहरो

आमचं धारचं घर विकायला मी धरलेल्या दलालाच्या तोंडी एकच पालुपद असे. आला की पगडी काढून बाजूला ठेवायची, सुपारी मागायची आणि म्हणायचं, “थोड़ा ठहरो, भिया. भाव चढ़ेगा.” प्लेगनंतर गिऱ्हाईक नाही, हे मला पटायचं. वर्ष गेलं. आम्ही देवासला राहायला गेलो होतो; हे घर विकून तिथं दुसरं घ्यायचं होतं. तोवर भाड्याच्या खोलीत आई देव पेटीतच ठेवून पुजायची. देवघर मांडायचं ते आपल्याच घरात, हा तिचा हट्ट.

एकदा मी न कळवता धारला गेलो. पुढच्या दाराची किल्ली दलालाकडे असे, म्हणून मागच्या दारानं घरात शिरलो. पुढच्या ओसरीवर हा एका गिऱ्हाइकाला सांगत होता, “थोड़ा ठहरो, सेठ. दखनी लोग हैं, आज नहीं तो कल अपने देस लौट जाएँगे. भाव उतरेगा.”

आमच्या चार पिढ्या याच गावच्या मातीत गेल्या. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ओसरीचं दार लोटलं आणि आतून कडी घातली.

त्याची पगडी आत बैठकीवर होती. बोडक्या डोक्यानं तो बाजारातून जाणार कसा? थोड्या वेळानं दार वाजलं.

“भिया, मेरी पगड़ी.”

“थोड़ा ठहरो,” मी म्हणालो.